सैल पट्टा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक भांडण. तेही कशावरून, तर ढालीच्या पट्ट्याला भोक कुठं पाडायचं यावरून. उन्हं उतरली होती. ती उंबऱ्यावर बसली होती, डावा हात माझ्यापुढं करून, बांगड्या मनगटाकडे ढकलून. मी तिच्या कोपराखाली ओल्या चामड्याचा पट्टा गुंडाळून ओढत होतो.

"अवो, हात हाये तो. बैलाची मान नोहे."

"पट्टा घट्टच पाह्यजे."

"घट्ट कायले? पोरगी पडली त हात सुटला पाह्यजे न."

"पडते काहून? ढाल घेऊन पडाले जातात का पोरी?"

"आन् माह्या हातावर जाऊ नोका तुमी. माहा हात वाळला आता. पोरीचा हात भरला असते."

"कायचा वाळला? चांगला त हाये."

ती माझ्याकडे पाहून हसली नाही, रागावलीही नाही. तिनं अंगठ्याचं नख पट्ट्यात रोवलं. मी धरलेल्या जागेच्या एक बोट पुढं. चामडं ओलं होतं, खूण उठली. "इथी पाडजा," म्हणाली. मी म्हटलं, सकाळी पाहू, आधी सुकू दे. मग ती भाकरी टाकायला उठली. त्या दिवशी वरणात चिंच जास्त पडली होती. मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, उद्या तुमीच करजा.

सकाळी ती उठली नाही.

आता पुन्हा तेच दिवस आले आहेत. पाऊस गेला म्हणेपर्यंत ऊन पाठ भाजायला लागतं. बोरी अरबच्या चारी अंगांनी थ्रेशर चालू आहेत. सोयाबीनचं भूस उडत येतं आणि हौदातल्या पाण्यावर सायीसारखं बसतं. कपाशीची खालची बोंडं फुटायला लागली. झेंडूवाले रस्त्याच्या कडेला गोण्या टाकून बसतील आता. संध्याकाळी पोरी भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरतात आणि डब्यात खिरापत काय आहे ते ओळखत बसतात. आमच्या घरी यंदा आल्या नाहीत. म्हातारा एकटा, खिरापत कोण करणार, असं वाटलं असेल त्यांना. मी फुटाणे आणून डब्यात घालून ठेवले होते. डबाही वाजवून पाहिला होता, आवाजावरून लगेच ओळखतील का म्हणून. मग ते मीच खाल्ले. दात नाहीत, वेळ लागला.

माझं काम चामड्याचं. शाळा चौथीपर्यंत, पुढं बापाच्या हाताखाली रापी. रापी म्हणजे आमचं चामडं कापायचं हत्यार, बाकी जगात तिचं काही काम नाही. जुवाला मान बांधायचे बैलाचे जोते, घुंगरांचे पट्टे, पोळ्याच्या आधी मान वर करायला फुरसत नसे. मग ट्रॅक्टर आले. गावातले बैल कमी झाले, तसा माझा पोळा बारीक झाला. त्याच सुमारास यवतमाळच्या एका आखाड्याचे वस्ताद तुटक्या पट्ट्याची ढाल घेऊन आमच्या दारात आले. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांची पोरं जुन्या लढाईचा खेळ करतात, ढाल-तलवार, दांडपट्टा. मी पट्टा बदलून दिला. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्याच ढाली आणल्या. तेव्हापासून पोळा संपला की आमच्या घरी ढालींचे दिवस सुरू होत.

ढालीची थाळी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून पत्रा दाबून यायची. पाठ माझी. लोक ढालीचं तोंड पाहतात, रंग, पितळेची फुलं, मधला सूर्य. मी सारी उमर ढालीची पाठच पाहिली. हात तिथं असतो.

ढाल घ्यायचे दोन रस्ते आहेत. एक मुठीची. मधोमध दोन पट्टे जवळजवळ, दोन्ही एका मुठीत, बोटांमागं कापडाची गादी. मनगट फिरलं की ढाल फिरते. पुढं ढकलता येते, समोरच्याच्या तोंडावर नेता येते. नको झाली की बोटं उघडायची, पडली खाली. पण सारं वजन मनगटावर. मिरवणूक अर्ध्यावर येते न येते तोच मनगट रडायला लागतं. वार मधोमध बसला तर ठीक, कडेला बसला की ढाल भेलकांडते.

दुसरी हाताची. एक पट्टा कोपराखाली, एक मूठ पुढं. वजन हातभर वाटलं जातं, ढाल हलत नाही, माणूस थकत नाही. पण ती टाकता येत नाही. वार बसला की पत्र्यातून सरळ हाडात जातो, म्हणून गादी जाड लागते. पट्टाही सरळ नाही, थोडा तिरपा लावायचा, म्हणजे कोपर वाकवलं की वरची कड आपोआप डोळ्याखाली येते. सरळ पट्टा लावणारा माणूस कधी ढाल घेऊन उभा राहिला नाही, असं खुशाल समजावं. पट्टा मधल्या रेषेच्या थोडा वर. खालचं अंग जड राहिलं की ढाल स्वतःच सरळ लोंबते, तिला सांभाळावं लागत नाही.

कोणाला कोणती द्यायची, हे पाहण्यात माझे दिवस गेले. जुन्या पोरांना मुठीची, त्यांना ढाल खेळवायची असते. नवख्यांना हाताची, त्यांना नुसतं लपायचं असतं. ज्याला काहीच कळत नाही तो म्हणतो, काका, दोन्ही लावून द्या. त्याला मी चहा देऊन परत पाठवत होतो.

मग आखाड्यात पोरी आल्या. त्यांना हाताची ढाल पाहिजे होती. मी पट्टे माझ्याच हातावर मापले. दुसरा हात कुठून आणू? भर मिरवणुकीत, ढोल वाजत असताना, एकेका पोरीचा पट्टा कोपरावरून घसरत मनगटात आला आणि ढाली परातीसारख्या खाली लोंबायला लागल्या. वस्ताद माझ्याकडे पाहत होते. मी देवीकडे पाहत होतो. आणि वर्षाची माय रस्त्याच्या कडेला पदर तोंडात कोंबून हसत होती. तिचं नाव सुभद्रा. पण आमची पोरगी वर्षा, तिच्या जन्मापासून मी बायकोला वर्षाची माय म्हणूनच हाक मारत आलो. घरी येऊन तिनं हात पुढं केला.

"घ्या, मापा. पोरीचं माप म्हाताऱ्याच्या हातावर घेत असतात का?"

"मंग तू काय पोरगी हायेस का?"

"तुमच्यापरस त हावोच."

तेव्हापासून तोच रिवाज झाला. दर वर्षी पहिली ढाल तिच्या हातावर. ती उंबऱ्यावर बसायची, मी समोर. कोपराखाली तिला तव्याच्या चटक्याचा एक जुना डाग होता, नवी नवरी असतानाचा. पट्टा त्या डागाच्या वरून गेला की जागा बरोबर. तिचा डावा हात मला माझ्या हातांपेक्षा जास्त ठाऊक होता. पट्टा लागला की ती ढाल पुढं धरून उभी राहायची आणि मी बांबूच्या कामटीनं वार करून पाहायचो, गादी पुरते का, पट्टा फिरतो का. समोरच्या घरची शांताबाई ओरडायची, "पाहा बाप्पा, भरदिवसा बायकोले हाणून राह्यला हा माणूस, आन् कोणी बोलत नाई!"

"थांब शांते, आता माही पाळी हाये," असं म्हणून वर्षाची माय ढाल माझ्या हातात द्यायची आणि बेलन घेऊन यायची. तिचा वार माझ्यापेक्षा जड होता. साऱ्या वर्षाचा जमा असायचा.

सैल पट्ट्याचं तिचं म्हणणंही जुनंच. ती लहान असताना तिच्या बापाची बैलबंडी नाल्यात कलंडली. एक बैल उठला. दुसऱ्याच्या गळ्यातला जोता ओला होऊन आवळला होता, गाठ सुटेना. बाप दातानं ओढत होता, ती काठावर उभी होती. बैल तिच्याकडे पाहत होता म्हणे. हे ती मला दर वर्षी सांगायची, पट्टा ओढायला लागलो की सुरू. "बांधाचं त असं बांधा, का झटका देल्ला त सुटलं पाह्यजे." मी म्हणायचो, ढाल वेगळी, बैल वेगळा. ती म्हणायची, गळा काय आन् हात काय, अटकलेल्याले सारखंच. मी पट्टा घट्टच करायचो. घट्ट पट्टा म्हणजे चांगलं काम, हे मला बापानं शिकवलं होतं. त्यानं आयुष्यभर बैलच बांधले.

आणखी एक गोष्ट आता बसल्या बसल्या दिसते. गेली काही वर्षं माप घेताना भोक दर खेपेला थोडं मागं येत होतं. पट्टा ओढला की जास्तीचं टोक लांब लोंबायचं. मला वाटायचं, म्हशीचं चामडं आताशा चांगलं येत नाही, ताणतं. चामडं काही ताणत नव्हतं.

लोक विचारतात, कसं चाललं? काय सांगावं. चालत काही नाही, बसलेलं असतं. सकाळी एकच चहा करतो, तो उरतो. चूल तशी कळते, मीठ कळत नाही. वर्षा महागावला असते, बाबा इकडेच या म्हणते. गेलो होतो. जावई भला माणूस. मी दिसलो की खुर्ची देतो. दिवसभर खुर्ची. मी जमिनीवर बसून काम केलेला माणूस, पाय लोंबकळत ठेवून करू काय? त्यांच्या घरात कुठं चामड्याचा वास नाही, जवसाच्या तेलाचा वास नाही. परत आलो. इथं घरात आलो तर इथंही तो वास गेला होता.

गेल्या साली बाकीच्या ढाली मी कशाबशा देऊन टाकल्या. एक कमी दिली. ती भिंतीवर खिळ्याला टांगली, पाठ बाहेर करून. कोणाला हात लावू दिला नाही. वर्षानं झाडताना उतरवली तर तिच्यावर ओरडलो. पोरगी रडली. माय गेलेली, त्यात बापाचं हे.

परवा मंदा आली. मंदा म्हणजे वस्तादांची पोरगी. ज्या पोरींच्या ढाली परातीसारख्या लोंबल्या, त्यांतलीच एक. आता वस्ताद घरी बसले, आखाड्यातल्या पोरींना तीच शिकवते. गाडी लावली, आत आली, पाणी स्वतःच घेतलं.

"काका, ढाली कुठी हायेत?"

"नाई केल्या."

"काहून? दसरा आला न."

"हात नाई."

तिला वाटलं माझा हात दुखतो. मग तिला कळलं. पोरगी हुशार आहे, सांत्वन वगैरे काही केलं नाही. तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"ते कोणाची हाये?"

"कोणाची नाई. ठेव."

तोवर तिनं खिळ्यावरून काढली होती. "अवं, ठेव म्हणतो न!" मी उठलो, गुडघा धरूनच उठावं लागतं आता. तोवर तिनं पट्टा हातात चढवलाही. चामडं करकरलं. मी तो आवाज ओळखतो. तो चामड्याचा रडायचा आवाज आहे.

"काका, हे वाळून गेलं न. सालभर तेल नाई दाखवलं का तुमी?"

मला कोणी शिवी दिली असती तर चाललं असतं. न वापरलेलं चामडं मरतं, हे मीच या पोरींना शिकवलं होतं. तेल आणि घाम मिळाला तर पट्टा माणसापेक्षा जास्त जगतो. टांगून ठेवला की वरून तसाच दिसतो, आणि एक दिवस वाकवला की तडकतो. हे ठाऊक असून मी वर्षभर तेल लावलं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. त्या भोकाच्या कडेला तिच्या नखाची खूण आहे. अर्ध्या चंद्रासारखी, उजेडात तिरपं धरलं तरच दिसते. तेल लागलं, घाम लागला, हात घासला गेला, की चामडं फुगतं आणि असल्या बारीक खुणा भरून येतात. तेल लावलं तर खूण जाणार. नाही लावलं तर पट्टाच जाणार, खुणेसकट.

मी हे मंदाला सांगितलं नाही. काय सांगणार? तिनं तोवर हाताला एक झटका दिला. ढाल हातातून निघाली आणि फरशीवर आपटून गोल गोल वाजत राहिली.

"सुटली!" मंदा लहान पोरीसारखी हसली. "काका, हे बेस हाये. हात भरून बसते आन् झटक्यात निघते. मागच्या साली आपली एक पोरगी पडली, ढाल हातातच, मनगट चांगलं सुजलं न तिचं. तुमी सगळेच पट्टे असे काहून नाई करत?"

"ते मी नाई केलं. वर्षाच्या मायनं केलं."

"काकूनं?"

"जागा तिची. भोक माहं."

ढाल अजून फरशीवर डोलत होती. ती थांबली. मग मी फळीवरून जवसाच्या तेलाची बाटली काढली. मळकं फडकं शोधलं. मंदानं बाटली धरायला हात पुढं केला, मी दिली नाही. आधी मुठीला लावलं, मग गादीच्या कडांना, मग पट्ट्याच्या मागच्या अंगाला. भोकापाशी आल्यावर थांबलो. दारात नेलं, उजेडात तिरपं धरून एकदा पाहून घेतलं. तिचं नख तसं लहानच होतं. मग अंगठ्यानं तेल चोळलं. चामडं पीत होतं, तहानलेलं. चोळलं तितकं प्यालं. माझा अंगठा त्या खुणेवरून किती वेळ फिरला, मला ठाऊक नाही. हात उचलला तेव्हा पट्टा काळा, मऊ, चकचकीत झाला होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

"ने," म्हटलं. "दसऱ्याले पोरीच्या हाती दे. टांगून नोको ठेवजो."

"आन् बाकीच्या?"

"हात कर."

तिनं डावा हात पुढं केला. भरलेला हात, आखाड्यातला. डाग नव्हता. जागा शोधायला थोडा वेळ लागला. मी दोरीनं माप घेतलं, ओढलं, आणि गाठ मारायच्या आधी दोरी एक बोट पुढं सोडली. मंदा गेल्यावर घरात तेलाचा वास राहिला होता. खिळा रिकामा होता. त्याच्याभोवती भिंतीवर ढालीएवढा गोल राहिला होता, आजूबाजूपेक्षा उजळ.

आता चामडं भिजत घातलं आहे. हौदावरचं भूस बाजूला सारून पाणी काढलं. डोळे पहिल्यासारखे नाहीत, शिवायची आरी बोटात घुसते. थकलो आहे. हे दिवस येऊ नयेत असं वाटायचं, पण ते येतातच, कोणाला विचारून येत नाहीत. कोणी असो नसो, सोयाबीन वाळतं, कपाशी फुटते, आणि दसरा आला की पोरींना ढाली पाहिजे असतात.

ती उठली नाही, त्या सकाळी घरात बाया भरल्या होत्या. आत तिला आंघोळ घालत होत्या. शांताबाईनं हिरव्या बांगड्या आणल्या होत्या आणि त्या तिच्या हातात चढवताना आतून आवाज येत होता. बाहेर अंगणात बांबू बांधत होते. माझा भाऊ मला खाटेवर बसवून खांद्यावर हात ठेवून होता. ज्याच्या घरी मरण, त्याला कोणी काम देत नाही. मी बसलो होतो. आणि समोर ओसरीवर, तिनं ठेवला होता तिथंच, तो पट्टा पडला होता. बरोबर सुकला होता. आणखी सुकला असता तर भोक पाडताना फाटला असता.

मी उठलो. भाऊ म्हणाला, "कुठी चालला?" कामाच्या दगडापुढं बसलो, भोक पाडायचा पंच घेतला, पट्टा पसरला. आधी पंच माझ्या जागेवर ठेवला, घट्ट होतं तिथं. मग उचलला आणि तिच्या नखाच्या खुणेला लागून ठेवला. हातोडीचा एकच घाव घातला.

अंगणातला आवाज बंद झाला. सगळे माझ्याकडे पाहत होते. शांताबाई ओल्या हातांनी दारात आली.

"काय करून राह्यले हो भाऊ?"

"सैल करून राह्यलो," म्हटलं.

भोकातला चामड्याचा तुकडा फुंकून काढला. पट्टा उन्हातून सावलीत ठेवला. मग हात धुतले आणि खांदा द्यायला गेलो.